मायामीचा पारा, दादाचा आकडा

"अगं, एकोणनव्वद आलं!"

ऑगस्ट २०२५. संध्याकाळचे साडेपाच. कॅन्टीनमध्ये वडापाव समोर ठेवला होता आणि फोन वाजला. पलीकडे माझा आतेभाऊ. तो न्यू जर्सीला एमएस करतोय. तिकडे सकाळचे आठ वाजले होते आणि त्याचा आवाज अगदी पडलेला होता. मला वाटलं पेपर अवघड गेला असेल. पण एकोणनव्वद हे मार्क नव्हते. ते मायामी शहराचं आदल्या दिवसाचं कमाल तापमान होतं, फॅरेनहाइटमध्ये. दादाने 'नव्वद किंवा एक्क्याण्णव' यावर पैसे लावले होते. एका अंशाने त्याचं एका महिन्याचं घरभाडं गेलं.

आणि तो आकडा त्याला सांगितला होता मी.

दादाची परवानगी घेऊन हे लिहितेय. आत्याला अजून माहीत नाही, आणि आत्या आपलं मासिक वाचत नाही, म्हणून बरं आहे. पण आपल्या होस्टेलमध्ये रात्री बारानंतर कुठल्या कुठल्या अ‍ॅपवर काय काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हा विषय.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. अमेरिकेत काल्शी नावाचा एक बाजार आहे. २०२० मध्ये तिथल्या केंद्रीय नियंत्रकांनी त्याला एक्स्चेंज म्हणून मान्यता दिली. तिथे शेअर मिळत नाहीत, 'घटना' मिळतात. उद्या मायामीचं कमाल तापमान किती असेल? त्याचे खण पाडलेले असतात. ८८-८९, ९०-९१, ९२-९३ असे दोन-दोन अंशांचे, आणि दोन्ही टोकांना 'याहून कमी' आणि 'याहून जास्त'. तुमचा खण बरोबर आला तर एका कॉन्ट्रॅक्टला एक डॉलर, नाही आला तर शून्य. कॉन्ट्रॅक्टचा भाव सेंटमध्ये चालतो. भाव ४४ सेंट असेल तर याचा अर्थ, बाजाराला वाटतं की हे होण्याची शक्यता साधारण ४४ टक्के. निकाल लावते अमेरिकेची सरकारी हवामान संस्था. मायामी विमानतळावरच्या यंत्राची जी अधिकृत नोंद, तोच निकाल.

बघायला गेलं तर किती स्वच्छ! मॅच फिक्सिंग नाही, अंपायर नाही. सूर्याला कोण पैसे चारणार? आणि आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना तर हा सट्टा वाटतच नाही, असाइनमेंट वाटते. मलाही तसंच वाटलं.

मी मेकॅनिकलची. एम-फोरमध्ये रिग्रेशन शिकवलं, तेव्हा सर म्हणाले होते की कुठेतरी वापरून बघा. दादाने मायामीचं नाव सुचवलं. अमेरिकन सरकारचा हवामानाचा सगळा डेटा फुकट मिळतो. त्यांचं जगभराचं एक मॉडेल आहे, जीएफएस, ते दिवसातून चार वेळा चालतं. दुसरं एक, एचआरआरआर, फक्त अमेरिकेपुरतं, पण तीन किलोमीटरच्या चौकटीत आणि दर तासाला नवीन. मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष तापमान यांची जुनी नोंद घ्यायची, मॉडेल नेहमी कुठे आणि किती चुकतं ते रिग्रेशनने काढायचं आणि उद्याच्या अंदाजात तेवढी दुरुस्ती करायची. ही युक्ती हवामानवाल्यांकडे सत्तरच्या दशकापासून आहे. मी नवीन काही केलं नाही. एक्सेलमध्ये केलं आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजू लागले, एवढंच.

माझी रूममेट सिव्हिलची. तिला यात काडीचा रस नव्हता. पण रोज रात्री मी वहीत आकडा लिहायला लागले की ती पलंगावरून ओरडायची, "माझं लिही, कालचंच!" म्हणजे काल जे तापमान आलं तेच उद्या. मी गंमत म्हणून तिचाही एक कॉलम केला. दोन महिन्यांनी बेरीज केली तर माझं रिग्रेशन आणि तिचं 'कालचंच' यांच्यात फरक होता, पण लाज वाटावी इतका थोडा!

आता यात तिची हुशारी नाही, मायामीची आहे. हे शहर कर्कवृत्ताच्या थोडं वर असलं तरी हवामान पक्कं उष्णकटिबंधीय. शिकागोला थंड वाऱ्यांची एक लाट आली की कालचा आणि आजचा काही संबंध राहत नाही. मायामीत ऑगस्टमध्ये असं काही होत नाही. रोज नव्वदच्या आसपास, कधी दोन वर, कधी दोन खाली. अगदी सगळ्यात जास्त तापमानाचा विक्रमसुद्धा बरोबर १०० आहे, तो २१ जुलै १९४२ चा. त्यानंतर इतकी वर्षं झाली, तो मोडलेला नाही. आपल्या मुंबईचा जुलै आठवा. छत्री न्यायची की नाही हा प्रश्न असतो, स्वेटर घालायचं की नाही हा नसतो.

म्हणून वाटतं की उष्ण शहराचा अंदाज सोपा. इथेच फसायला होतं. आकडे जवळजवळ असतात म्हणून चूक छोटी दिसते. पण खणसुद्धा दोनच अंशांचा आहे ना! मग अख्खा खेळ एका अंशावर येतो. आणि तो एक अंश कोण ठरवतं? खारा वारा आणि ढग.

हा खाऱ्या वाऱ्याचा भाग मला फार आवडला, कारण तो अगदी आपल्याच घरचा आहे. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये याला फक्त सी-ब्रीझ म्हणायचे. 'खारे वारे' हा शब्द आजोबांनी शिकवला.) मार्चमध्ये सांताक्रूझचा पारा कधी चढतो? जेव्हा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून कोरडा वारा येतो आणि समुद्राचा वारा आत यायला उशीर होतो. समुद्राचा वारा अकराला आला तर पारा तिथेच थबकतो, दोनला आला तर तोपर्यंत पाच-सहा अंश वर गेलेला असतो. २८ मार्च १९५६ ला सांताक्रूझला ४१.७ सेल्सिअस होतं, आणि मार्चमधला तो विक्रम आजही सांगितला जातो.

मायामी म्हणजे हेच चित्र आरशात बघायचं. तिथे समुद्र पूर्वेला आणि एव्हरग्लेड्सची दलदल पश्चिमेला. आपल्याकडे पूर्वेचा वारा तापवतो, तिकडे पश्चिमेचा. नेहमीचा पूर्वेचा वारा असला की अटलांटिकची हवा येत राहते, पारा दुपारी बारा-एकलाच थांबतो, आणि दुपारचे गडगडाटी ढग आत दलदलीच्या दिशेने सरकतात. वारा पश्चिमेचा असला की विमानतळ तापतं, पण तेच ढग शहरावर येऊन बसतात. मग प्रश्न एवढाच की आधी काय होणार? पारा चढणार की ढग येणार? दुपारी एकला विमानतळावर एक ढग वीस मिनिटं थांबला तर ९१ चं ८९ होतं. तो नेमका ढग कुठे आणि किती वाजता, हे आदल्या रात्री तीन किलोमीटरवालं मॉडेलसुद्धा खात्रीने सांगू शकत नाही. मग माझं एक्सेल काय सांगणार?

त्या दिवशी माझं उत्तर आलं होतं ९०.६.

मी दादाला फोनवर काय सांगितलं? "नव्वद पॉइंट सहा." बस्स. तो म्हणाला, "म्हणजे ९०-९१ वाला खण. पक्कं?" मी म्हणाले, "हो."

आता तो हिशेब सगळ्यांसमोर मांडते, कारण माझी चूक तिथे आहे. माझ्या अंदाजांच्या चुकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण १.८ अंश होतं. मधला आकडा ९०.६ आणि हे १.८ घेऊन नॉर्मल टेबल उघडलं तर ९०-९१ या खणाला मिळतात ४२ टक्के. ९२-९३ ला २५, ८८-८९ ला २३, आणि उरलेले १० दोन्ही टोकांना. म्हणजे माझ्याच मॉडेलप्रमाणे सगळ्यात चांगला खणसुद्धा हरण्याची शक्यता ५८ टक्के होती! आणि बाजारात त्याचा भाव होता ४४ सेंट. बेचाळीसची वस्तू चव्वेचाळीसला, वर फी वेगळी. दुकानात कोणी असं केलं तर आपण त्याला वेड्यात काढू.

हे टेबल मला येत होतं. परीक्षेत त्याचे पूर्ण मार्क घेतलेत मी. पण दादाला सांगताना मी आकडा सांगितला आणि त्याच्याबद्दलची शंका गिळून टाकली. का? कारण "९०.६" म्हटलं की आपण हुशार वाटतो, आणि "बेचाळीस टक्के" म्हटलं की वाटतं, अभ्यास झालेला नाही.

पुढचं तर अजून वाईट. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा म्हणजे मायामीत दुपारचे दोन. आम्ही दोघंही फोनवर बोलत विमानतळाचे दर पाच मिनिटांचे आकडे बघत होतो. ते सेल्सिअसमध्ये आणि पूर्णांकात येतात. ३२... ३२... ३२. दादाने भागिले पाच, गुणिले नऊ, अधिक बत्तीस केलं. उत्तर ८९.६, म्हणजे ९०. "जिंकलो!" म्हणाला आणि चढलेल्या भावाने अजून कॉन्ट्रॅक्ट घेतले.

पण ते यंत्र आधी फॅरेनहाइटमध्ये पूर्णांक करतं आणि मग त्याचं सेल्सिअस करून पुन्हा पूर्णांक करतं. ८९ फॅरेनहाइट म्हणजे ३१.६७, ते झाले ३२. आणि ९० फॅरेनहाइट म्हणजे ३२.२२, तेही झाले ३२! म्हणजे पडद्यावरच्या ३२ वरून ८९ की ९० हे कळतच नाही. मेट्रॉलॉजीच्या व्हायवात आपण 'राउंडिंग एरर' असं घोकून सांगतो ना, तो एरर हाच. सर, मला आता तो जन्मभर लक्षात राहील.

अशा अजून गमती आहेत. त्या अहवालाचा 'दिवस' वर्षभर प्रमाण वेळेप्रमाणे मोजतात. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात, त्यामुळे हा दिवस रात्री एक ते रात्री एक असा चालतो. हिवाळ्यात थंड वारे पहाटे येणार असतील तर दिवसाचं कमाल तापमान मध्यरात्रीच लागून जातं आणि दुपारी सूर्य बघत बसणारे बघतच राहतात. हे सगळं माहीत असलेले लोक त्या बाजारात आहेत. दादाचे डॉलर मायामीच्या सूर्याने नेले नाहीत. ज्याला ३२ चा अर्थ माहीत होता त्याने समोर बसून नेले. आपण समजतो की आपण निसर्गाविरुद्ध खेळतोय. पण प्रत्येक कॉन्ट्रॅक्टच्या पलीकडे एक माणूस असतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अभ्यास आपल्यापेक्षा जास्त झालेला असतो.

सुट्टीत घरी गेले तेव्हा हे सगळं आजोबांना सांगितलं. (दादाचं नाव न घेता!) आजोबा लालबागच्या मिलमध्ये होते. मला वाटलं, कॉम्प्युटर, मॉडेल, अमेरिका ऐकून ते चकित होतील. ते हसले आणि म्हणाले, "यात नवीन काय? आमच्या वेळी न्यूयॉर्कच्या कापसाचा आकडा लागायचा."

खरंच! न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्यावर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव येणं बंद झालं, तर लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. तोच मटका. म्हणजे कापूस गेला तरी कोणाचं काही अडलं नाही! खेळणाऱ्याला कापसाशी कधी घेणंदेणं नव्हतंच, आकड्याशी होतं. "सूत आम्ही काढायचो," आजोबा म्हणाले, "आणि पगाराच्या दिवशी पैसे दुसराच घेऊन जायचा."

आणि पावसावर सट्टा तर त्याहून जुना. आपल्याकडचा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा मुळात १८८७ चा. त्यात जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या वाचली तर गंमत वाटते. पाऊस पडणं किंवा न पडणं, किंवा दुसरी एखादी नैसर्गिक घटना, पावसाचं प्रमाण, इतकंच काय, ते प्रमाण सांगणाऱ्या आकड्यातले अंक, यांच्यावरचा जुगारसुद्धा त्यात नाव घेऊन लिहिला आहे. ज्याने तो मजकूर लिहिला त्याने मुंबईकर नीट ओळखले होते! दादाचा फोन आला त्याच ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्याच्या आधी आपल्याच होस्टेलमध्ये एकाने 'हो की नाही' वाल्या अ‍ॅपवर मेसचे पैसे घालवले आणि महिनाभर वडापाववर काढला, हे त्याच्या विंगमधल्या सगळ्यांना माहीत आहे. आता व्हीपीएन लावून आणि क्रिप्टोने बाहेरच्या बाजारात खेळता येतं, असं सांगणारे सीनियर भेटतात. त्यांना माझं एकच विचारणं आहे. तुम्हाला ३२ चा अर्थ माहीत आहे का?

पण थांबा. मला फक्त 'सट्टा वाईट' एवढंच म्हणायचं नाहीये. ते वॉर्डन मॅडम दर वर्षी पहिल्या मीटिंगमध्ये सांगतातच.

माझं मत थोडं वेगळं आहे. या बाजारात एक गोष्ट खरोखर चांगली आहे. तो तुम्हाला तुमची खात्री आकड्यात सांगायला लावतो. तिथे "बघू, बहुतेक गरम असेल" असं मोघम चालत नाही. ४२ की ४४, सांगा. आणि उद्या निकाल. आपण एरवी किती सहज बोलतो! "पेपर सोपाच येणार." "सबमिशन एका रात्रीत होतं." "केटी लागणारच नाही." याचा हिशेब कोणी कधी ठेवतं का? हवामानवाल्यांनी मात्र तो ठेवला. ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९५० मध्येच एक साधं सूत्र दिलं. तुम्ही सांगितलेली शक्यता वजा जे झालं ते (झालं तर १, नाही तर ०), आणि त्याचा वर्ग. तुम्ही ७० टक्के म्हणालात आणि झालं, तर ०.०९. नाही झालं, तर ०.४९. रोजची सरासरी काढा. जितकी कमी तितके तुम्ही चांगले. यात शंभर टक्के म्हणून चुकणाऱ्याला पूर्ण १ चा फटका बसतो, म्हणजे सगळ्यात मोठी शिक्षा फुकटच्या खात्रीला. ही शिस्त शिकायला एक पैसा लागत नाही. वही लागते.

आणि ही शिस्त कशाला हवी? मायामीसाठी नाही. इथल्यासाठी.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. लाखो माणसं उन्हात बसली होती. उष्माघाताने १४ जण गेले. बाजाराच्या भाषेत त्या दिवसाचा एकच आकडा, कमाल तापमान. पण कोकण किनाऱ्यावर माणसाला नुसता पारा मारत नाही. हवेतली वाफ मारते, कारण घाम सुकत नाही. हीट ट्रान्सफरमध्ये आपण बाष्पीभवनाने होणारं कूलिंग शिकतो. ते कूलिंग बंद पडलं की शरीर नावाचं इंजिन गरम व्हायला लागतं. हवामान खात्याचा निकष आहे की किनारपट्टीच्या ठिकाणी कमाल तापमान किमान ३७ आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट. निकष हवेतच, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण ३६ ला दमट हवेत सळ्या उचलणाऱ्या माणसाला त्या रेघेचा काय उपयोग? तोही एका अंशाचाच प्रश्न झाला. फक्त तिथे घरभाडं जात नाही, माणूस जातो.

अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उन्हात खूप माणसं दगावल्यावर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला. अंदाज आला की कोणी काय करायचं, हॉस्पिटलने काय, पालिकेने काय, ते आधीच ठरलेलं. मला हे मायामीच्या बाजारापेक्षा खूप मोठं इंजिनिअरिंग वाटतं. बाजारात ४२ टक्के म्हणजे 'घेऊ नको'. पण 'उद्या दुपार जीवघेणी होण्याची शक्यता ४२ टक्के' असेल तर? तर काम थांबवायलाच हवं, कारण चुकीचा अंदाज निघाला तर चार तासांची मजुरी द्यावी लागेल, पण न थांबता तो खरा निघाला तर एक माणूस जाईल. शक्यता तीच, निर्णय उलटा. हे कळायला आधी ती शक्यता कोणीतरी खरी खरी सांगायला हवी, माझ्यासारखं नुसतं "हो" म्हणून नाही.

म्हणून एक सुचवते. मेसच्या दाराशी जो नोटीस बोर्ड आहे, ज्यावर अजून मागच्या वर्षीच्या हरवलेल्या कॅल्क्युलेटरची चिठ्ठी आहे, त्याचा एक कोपरा आम्हाला द्या. फेब्रुवारी ते मे, रोज रात्री जेवताना ज्याला हवं त्याने चिठ्ठी टाकायची. उद्या सांताक्रूझचं कमाल तापमान ३२ ते ३३, ३४ ते ३५ की ३६ च्या वर? प्रत्येक खणाला किती टक्के? दुसऱ्या दिवशी हवामान खात्याचा आकडा आला की ब्रायरच्या सूत्राने मार्क. पैसे नाहीत. महिन्याच्या शेवटी पहिला येणाऱ्याला बाकीच्यांनी कटिंग पाजायचा. माझ्या रूममेटने 'कालचंच' म्हणून आत्ताच नाव नोंदवलंय आणि तिला हरवणं सोपं नाही, हे आधीच सांगून ठेवते!

आणि त्याच कोपऱ्यात मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत, उद्याच्या दुपारचा अंदाज, दमटपणासकट, आणि खात्री किती तेही. कारण नवीन बिल्डिंगच्या साइटवरचे मजूर पाणी भरायला याच दारातून जातात. गेल्या एप्रिलमध्ये आपण पंख्याखाली बसून गुजरातचा स्कोअर बघत होतो तेव्हा ते दुपारी दोनला स्लॅबवर होते. सरांना आणि ऑफिसला विनंती, की बोर्डावर 'धोका' लिहिला असेल त्या दिवशी साइटचं काम बारा ते चार बंद ठेवायला कंत्राटदाराला सांगावं, आणि स्पोर्ट्स डे मार्चमधून जानेवारीत आणावा. आमचा अंदाज कधी कधी चुकेल. तेव्हा बोर्डावर आमचा ब्रायर स्कोअरही लिहिलेला असेल. किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

दादाने तो अकाउंट बंद केलाय. भाड्यातले थोडे पैसे मी माझ्या स्टायपेंडमधून पाठवले, कारण त्या "हो" मध्ये माझा वाटा होता. आता तो मला फोन करतो तेव्हा मुद्दाम विचारतो, "काय गं, उद्या किती?"

मी सांगते, "बहुतेक नव्वद. पण बेचाळीस टक्केच हं!"

बघा पटतंय का. पटलं तर उद्यापासून मेसमध्ये चिठ्ठी टाका.